चाळीसातले आठ

मुकुटबन
११ जुलै २००६, आषाढ पौर्णिमा

ममताबाईस वहिनीचा जयभीम.

पार्सल काल दुपारी पोहोचलं. पोस्टमनसमोरच उघडलं, मागाहून कुरकुर नको. आत निघालं ते असं. हार्ड डिस्क एक, चाळीस जीबीची, अठराशे पन्नास रुपये. रुंद पट्टीची वायर एक, साठ रुपये. स्क्रू चार, त्यांचे पैसे तू लावले नाहीस, मीही विचारत नाही. पार्सलखर्च अठ्ठ्याहत्तर. वर्तमानपत्राचे गोळे अकरा, ते सरळ करून फडताळात अंथरले. मंडळाच्या सदतीस बायांनी पन्नास-पन्नास दिले तेव्हा ही डिस्क आली. वायर आणि पार्सल मी चहाच्या पैशातून भागवलं. पावती फाईलला लावली.

एवढं सगळं आलं आणि आपला कॉम्प्युटर त्या डिस्कला ओळखत नाही.

या पत्राची नक्कल मंडळाच्या फाईलला लावायची आहे, म्हणून तुला पाठ असलेलंही लिहावं लागतं. आपल्या महिला मंडळानं दोन वर्षं गावोगाव फिरून, छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेलेल्या या भागातल्या एक्केचाळीस म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी उतरवून घेतल्या. त्या सगळ्या याच कॉम्प्युटरमध्ये आहेत. दीक्षेला यंदा पन्नास वर्षं होतात. दसऱ्याला पुस्तक निघायचं आहे आणि वणीचा प्रेसवाला पाच सप्टेंबरच्या पुढं एक दिवस थांबायला तयार नाही. इकडं जुनी डिस्क वैशाखापासून टकटक वाजते, घुशीनं दार कुरतडावं तशी. फ्लॉपी केव्हाचीच बंद. तूच म्हणालीस, ही डिस्क मरणार, मरायच्या आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घे. शेवटची, एक्केचाळीसावी साक्ष मामाजींची, म्हणजे तुझ्या बाबांची. फाल्गुनात त्यांनी सांगितली आणि चैत्रात ते गेले. त्यांना पुन्हा विचारायची सोय राहिलेली नाही.

तू सांगितलं तसं झाकण काढलं. पट्टीच्या वायरीचं मधलं तोंड नव्या डिस्कला बसवलं, विजेचं तोंड बसवलं. त्रिसरण-पंचशील घेतलं आणि बटण दाबलं. पांढरी अक्षरं आली, मेमरी मोजून झाली, मग डिस्क शोधतो असं इंग्रजीत उमटलं आणि गडी तिथंच बसला. घड्याळ लावून दहा मिनिटं पाहिलं. हलला नाही. नवी काढली की चालतो, लावली की बसतो.

तुझे दादा म्हणाले, "एवढ्या पैशात कपाशीच्या बियाण्याची एक थैली आली असती. थे उगवली तरी असती."

मी म्हटलं, "उगवून कोन्या जिनिंगले घालाची होती? जिनिंग बंद पडली म्हणून तं तिच्या हापिसातला हा डबा आपल्याले लिलावात भेटला."

ते उठून वावरात गेले.

फोन करू नको. एसटीडीचं मीटर पळू लागलं की तू "समजलं ना" म्हणतेस, मी "हो" म्हणते आणि घरी येईतो काही समजलेलं नसतं. कागद असला तर डब्याशेजारी ठेवून एकेक ओळ करता येते. काय चुकलं ते लिही.

तुझी वहिनी
इंदूबाई


पिंपरी
१७ जुलै

वहिनी, जयभीम.

ममताबाई काय? माझ्या वेण्या घातल्यास तू, उवा काढल्यास, आणि आता मंडळाच्या फाईलमुळं मी बाई झाले होय? ही नक्कलही लाव, सगळ्यांना कळू दे.

घाबरू नको. दुकानात रोज अशा दहा केसेस येतात आणि दहातल्या नवांमध्ये मशीनचं काही बिघडलेलं नसतं, लावणाऱ्याचं बिघडलेलं असतं. रागावू नको.

एक. पट्टीच्या एका काठाला लाल रेघ आहे. ती विजेच्या तोंडाकडं हवी. तू उलटी लावली असशील.

दोन. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या की थोरली कोण आणि धाकटी कोण ते आधी ठरवावं लागतं. दोघी थोरल्या झाल्या तर घरात काय होतं ते तुला मी सांगायला नको. डिस्कच्या मागं सुया आहेत, त्यांवर प्लास्टिकची तिळाएवढी टोपी आहे. वरच्या कागदावर चित्र आहे, त्याप्रमाणं नवीची टोपी दुसऱ्या नंबरला बसव. इंग्रजीत तिथं मालक आणि गुलाम असे शब्द छापलेत. विहारात वाचून दाखवू नको, मोर्चा निघेल.

तीन. आत धूळ असेल ती झाड.

चार, आणि हे मोठ्या अक्षरात समज. जुनी डिस्क तू जितक्यांदा चालू करतेस तितक्यांदा ती थोडी मरते. उगाच लावून बघू नको. दिवसातून एकदा, बस.

नाहीच जमलं तर जुनी डिस्क काढून पार्सलनं मला पाठव. मी इथं उतरवून देते. मीच आले असते, पण दुकानात तिघांचे दोघे झालो आहोत. दसऱ्याची सुटी कशीबशी बांधून घेतली आहे, आत्ता मागितली तर ती जाते.

आणि एक. म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलं त्या कच्च्या वह्या आहेत ना? त्या असल्या तर डिस्क गेली तरी साक्षी जात नाहीत. तेवढं कळव.

ममता


मुकुटबन
२४ जुलै

ममता, जयभीम.

पट्टी उलटी नव्हती. लाल रेघ पहिल्या दिवसापासून विजेच्या तोंडाकडंच आहे. माझ्या वहीत तसं चित्र काढलेलं आहे, १० जुलै, दुपारी अडीच. लावणाऱ्याचं बिघडलं म्हणतेस तर आता हे वाच.

१९ जुलै. लाईट दोन ते पाच. झाकण काढून आतली धूळ झाडली. धूळ कसली, मूठभर रुई निघाली पंख्यातून. जिनिंग मेली तरी तिचा कापूस जीव सोडून नाही राह्यला. लावून पाहिलं. बसला.

२० जुलै. टोपी दुसऱ्या नंबरला. चित्रावर बोट ठेवून बसवली. ते दोन शब्द मी वाचले. ज्यानं ठेवले त्याला एकदा इकडं पाठव, पुरणपोळी खाऊ घालीन म्हणावं, मग बोलू. माझ्या वहीत मी थोरली आणि धाकटी असंच लिहिलं आहे. लावून पाहिलं. बसला.

२१ जुलै. लाईट नव्हती.

२२ जुलै. वायर बदलून जुनी लावली. बसला. विजेचं दुसरं तोंड लावलं. बसला. दिवसातून एकदा म्हणालीस, इथं दोनदा झालं, पण लाईट पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नव्हता.

२३ जुलै. पडदा जिथं थांबतो तिथली अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली. मागच्या पानावर आहेत, समजलं नाही तेही लिहिलं आहे. खालच्या ओळीत एक तारीख आहे, त्यात ९८ आहे. ती काहून हाय ते मला माहीत नाही.

मी एवढं करते तोवर पंचफुलाबाई दारात उभी. तिला तू ओळखतेस, मंडळात सगळ्यात आधी पन्नास देणारी आणि सगळ्यात आधी विचारणारी. म्हणते, "काय व इंदू, आली काय धाकटी घरात? का माहेरीच बसून हाय?"

मी म्हटलं, "येऊन राह्यली."

"पंधरा दिस झाले. तुह्या नणदेनं दुकानात पडलेला माल तं नाही खपवला?"

तुला वाईट वाटेल, पण तिनं विचारलं ते लिहिणं भाग आहे. मी तिला चहा दिला नाही.

जुनी डिस्क पाठवणार नाही. मुकुटबन ते वणी रस्ता तू विसरलीस. धडधाकट माणसाची दाढ हलते त्या एसटीत. मरायला टेकलेलं पार्सल मी त्यात टाकू? शिवाय तिच्यात एक्केचाळीस माणसं आहेत, माझ्या भरवशावर बसलेली.

वह्यांचं विचारलंस. वह्या आहेत. सगळ्या कपाटात नीट आहेत.

इंदूबाई


पिंपरी
३० जुलै

वहिनी,

चूक तुझी नाही, माझी आहे. हे वाक्य अधोरेखित करून फाईलला लाव आणि पंचफुलामावशीला वाचून दाखव.

तू ती तारीख उतरवून पाठवलीस म्हणून ध्यानात आलं. तुझा डबा ९८ सालचा आहे. त्या वेळच्या कितीतरी मशिनींना बत्तीस जीबीच्या पुढं मोजताच येत नाही. त्यांना शिकवलेलंच नाही. चाळीसची डिस्क पुढं आली की मोजायला बसतं आणि बसूनच राहतं. मी हे आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण घरचं काम म्हणून घाईत केलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न साल कोणतं हाच विचारते.

उपाय सोपा आहे. या पत्राला टेपनं एक टोपी चिकटवली आहे. खाली चित्र काढलं आहे. नवीच्या मागं पहिली टोपी आहे तशीच राहू दे आणि ही दुसरी, मी गोल केला आहे त्या दोन सुयांवर बसव. मग डिस्क स्वतःला बत्तीसची म्हणवून घेईल आणि डबा तिला घरात घेईल. वरचे आठ दिसणार नाहीत. जाऊ दे ते आठ. जुन्या डिस्कमध्ये सगळे मिळून चार होते, आणि आपल्या साक्षी चिमूटभर जागेत मावतात. बाजारात आता चाळीसच्या खाली मिळतच नाही, नाहीतर लहानच पाठवली असती. जागा आखून पाठवली आहे, तुला फक्त कॉपी करायचं आहे.

वहिनी, एक मागते. बाबांची साक्ष पहिल्यांदा कॉपी कर. मी ती वाचलेली नाही. पुस्तकात वाचीन म्हणून थांबले. बाबा मला कधी सलग बोलले नाहीत, कधी सायकलवर, कधी जेवताना, तुकडे तुकडे सांगायचे. आणि मी पोरगी, मला तेव्हा त्यात काय! ते गेले तेव्हा मी पोहोचले तीन दिवसांनी. निदान एवढं तरी.

झालं की एक कार्ड टाक, दोन शब्दांचं.

ममता


मुकुटबन
७ ऑगस्ट

ममता, जयभीम.

तुझं पत्र चारला मिळालं. तू सांगितलं ते केलं. तरी नाही.

वणीला डबा घेऊन गेले, मांडीवर, येता-जाता. तिथल्या दुकानदारानं झाकणसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "ताई, ह्याले आता म्युझियमात ठेवा." मी म्हटलं, "ह्यातली मानसं कुठी ठेवू?" तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

पुन्हा दोन वेळा वायर बदलली. दुसरी पट्टी आहे, सीडीची, तिच्यावर लावून पाहिली. तरी नाही. जुनीचा आवाज वाढला आहे. डोकं उठलं आहे माझं. दुसरा काही इलाज असेल, चाळीसच्या चाळीस दिसतील असा, तर कळव.

इंदूबाई


पिंपरी
१३ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र मी दुकानात दोनदा वाचलं, घरी येऊन एकदा. मग आपल्याच दुकानात तुझ्या डब्याच्या वयाचं एक मशीन होतं, त्यावर चाळीसची डिस्क लावली. टोपीशिवाय बसलं. टोपी घातली, उठलं. पुन्हा काढली, बसलं. सहा वेळा केलं. मालक म्हणाला, "मॅडम, हे खेळणं घरी घेऊन जा."

टोपी घातल्यावर ते त्याच जागी बसूच शकत नाही. दुसरं काही बिघडेल, पण तेच नाही. आणि तू "तरी नाही" एवढंच लिहिलंस. तू! जी मला अकरा गोळे मोजून कळवते, तिनं पडद्यावर काय आलं ते लिहिलं नाही, तारीख नाही, लाईट किती ते किती ते नाही.

आणि शेवटी लिहितेस, चाळीसच्या चाळीस दिसतील असा इलाज.

वहिनी, टोपी घातलीस का?

खरं असेल ते लिही. मी रागावणार नाही असं म्हणत नाही, रागावीन. पण आधी टोपी घाल. मागच्या वेळी वह्यांचंही तू नीट सांगितलं नाहीस. आहेत एवढंच म्हणालीस.

ममता


मुकुटबन
२१ ऑगस्ट

ममता, जयभीम.

तुझं पत्र अठराला मिळालं. टोपी घातली नव्हती.

सात ऑगस्टच्या माझ्या पत्राची नक्कल फाईलला लावलेली नाही. ते खोटं आहे, हे मला लिहितानाच कळत होतं. तेव्हापासून विहारात वर्षावासाचं वाचन माझ्याकडं आहे. रोज सुरुवातीला शील म्हणावं लागतं आणि रोज चौथं शील मी इतरांच्या आवाजात दडवून राह्यली होती. खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि घरी येऊन खोटं तसंच ठेवायचं.

का घातली नाही ते सांगते. सदतीस बायांसमोर मी चाळीस म्हणून सांगितलं होतं. पन्नास रुपये म्हणजे कोणाचे दोन दिवस निंदणाचे, कोणी अंडी विकून आणलेले. त्यातले आठ मी आपल्या हातानं झाकून टाकायचे आणि कोणाला सांगायचं नाही, हे मला चोरीसारखं वाटलं. सांगायचं तर पंचफुलाबाईचं तोंड दिसे. तुझं नाव पुन्हा निघालं असतं. वाटलं, दुसरा काही मार्ग निघेल. एखादी वायर, एखादं तोंड. सगळं लावून पाहिलं, ती टोपी सोडून. टोपी काडेपेटीत घालून पिठाच्या डब्यात ठेवली होती, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. मला स्वतःलासुद्धा.

चार ते अठरा ऑगस्ट, मी थोरली डिस्क एकोणीस वेळा चालू केली. वहीत लिहिलेलं आहे म्हणून आकडा खरा.

आता वह्यांचं. वह्या कपाटात आहेत, ते खोटं नव्हतं. त्या कोऱ्या आहेत. मी शिसपेन्सिलीनं लिहून घेत होते. एक साक्ष कॉम्प्युटरमध्ये चढली की पानं खोडरबरानं पुसून पुढच्या माणसाला तीच वही. दोन वर्षांत चार वह्या लागल्या, मंडळात माझं कौतुक झालं. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्या वह्या उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. कुठं कुठं दाब उमटला आहे, पण एकावर एक तीन-तीन माणसं आहेत. वाचता येत नाही.

अठराला दुपारी दोनला लाईट आली. पंचफुलाबाईला मुद्दाम बोलावून बसवलं. तिच्यासमोर टोपी घातली. बटण दाबलं. मेमरी मोजली, डिस्क शोधली, आणि ममता, दोन्ही नावं आली. थोरलीचं वर, धाकटीचं खाली. पंचफुलाबाईनं टाळी वाजवली.

मी म्हटलं, "मावशी, चाळीसातले आठ गेले. मीच झाकले."

ती म्हणाली, "आठ काय व? मणाचे का शेराचे? गहू हाय काय थे?"

मी काय सांगणार? त्या आठांत काही मावणारच नव्हतं, आणि त्यांच्यासाठी मी पंधरा दिवस घालवले होते.

मग कॉपी करायला बसले. तू म्हणाली होतीस, बाबांची आधी. मी एक नंबरापासून सुरू केलं. मामाजी स्वतः शेवटी बसले होते, तुला माहीत नसेल. दर वेळी विचारलं की म्हणत, "घरच्याची कायले घेतं आंधी? लोकायची घे." ते असताना मला जे धाडस झालं नाही ते ते गेल्यावर कसं व्हावं? आणि पंचफुलाबाई शेजारी, तिच्या बापाची साक्ष बावीस नंबरला. तिला मागं टाकून मी सासऱ्याला पुढं घेतलं असतं तर तिनं काही म्हटलं नसतं. मलाच ते जमलं नाही.

सत्तावीस उतरल्या. अठ्ठाविसाव्याला आवाज बदलला. टकटक थांबून खरखर झाली, पडदा निळा झाला. बंद करून गार होऊ दिलं. पुन्हा लावलं. मग नुसती टकटक, आणि नंतर तीही नाही. थोरली गेली.

सत्तावीस धाकटीवर सुखरूप आहेत, उघडून पाहिल्या. चौदा गेल्या. त्या चौदांतली नऊ माणसं जिवंत आहेत, पाच नाहीत. पाचांत मामाजी.

काल रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टोपीचं, खोडरबराचं, एकोणीस वेळाचं. तुझ्या पत्रातलं "चूक माझी" हे वाक्यही वाचलं आणि ती चूक एका पत्रात दुरुस्त झाली होती हेही सांगितलं. मागून प्रियंका उठली, बारावीत आहे ती, नीट समजून घेऊन तिनं विचारलं, "काकू, माह्या आजीची गेली काय?" तिच्या आजीची पस्तिसावी. आजी मागच्या पौषात गेली. मी म्हटलं, "हो, गेली." ती खाली बसली. मग पंचफुलाबाई म्हणाली, "तोंड पाहू नोका आता कोनी कोनाचं. लिहून घ्याले हेच गेलती, आता बी हेच जाईन. मी संगं जातो."

आज सकाळपासून आम्ही दोघी निघालो आहोत. पहिले श्रावण आजोबा. नव्वदीला टेकलेत, खाटेवर असतात. आम्हाला पाहून म्हणाले, "आले काय पुन्हा सर्व्हेवाले? कापूस नाही, बैल नाही, लिहून घ्या."

मी सांगितलं, दीक्षेचं पुन्हा सांगा.

"सांगतलं ना तुले."

"ते हरवलं, आजोबा."

"मंग थेच लिही ना माय, मांगच्या खेपेले सांगतलं ते." आणि कुशीवर वळले. मागच्या वेळी ते दोन तास बोलले होते, गाणं म्हटलं होतं. आज पंचफुलाबाईनं बळंच उठवून बसवलं तेव्हा अर्धं पान झालं. मागच्या वेळी वणीपर्यंत पायी गेलो म्हणाले होते असं मला आठवतं. आज म्हणाले बैलबंडीनं. दोन्ही लिहिलं आहे. काय करू, सांग. शाईच्या पेनानं लिहिते आता, आणि रात्रीच्या आत नक्कल.

थोरली डिस्क आज पार्सलनं तुझ्याकडं पाठवली. जुलैत मागितलीस तेव्हा दिली नाही, हे मी विसरलेली नाही. तिच्यातून काही काढता आलं तर काढ. पण त्याच्या भरवशावर प्रेसवाल्याला तारीख देता येत नाही. पाच सप्टेंबर आहे तशीच आहे.

आता मामाजींचं. टाइप करताना माझं लक्ष अक्षरांकडं जास्त होतं, काना-मात्रा चुकू नये म्हणून. म्हणून सलग आठवत नाही. जे नक्की आठवतं तेवढं लिहिते. ते एकोणीस वर्षांचे होते. पांढरा सदरा नव्हता, तो मिळवायला अकरा दिवस दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, आणि सदरा मिळाला तो इतका मोठा की बाह्या तीन घड्या. वणीच्या स्टेशनवर कोण्या बाईनं त्यांना लहान पोरगा समजून भाकर दिली. मैदानात ते फार मागं होते, बाबासाहेब त्यांना दिसले नाहीत, आवाज ऐकू आला. घरी आल्यावर तुझ्या आजीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, देवांचं गाठोडं टाकायला स्वतः उचलून दिलं की त्यांनी मागितलं, हे मला आठवत नाही. आणि आजी काय म्हणाली ते मामाजींनी सांगितलं होतं, सांगताना थांबले होते, मी हात थांबवून वर पाहिलं होतं, हेही आठवतं. ती काय म्हणाली ते आठवत नाही. चार दिवस डोकं धरून बसले. येत नाही.

तुझ्याकडं तुकडे आहेत म्हणालीस, सायकलवरचे, जेवतानाचे. ते लिही. कोणत्या वेळचे, कुठं सांगितलेले, तसेच. मी तुझ्या तुकड्यांना माझे जोडीन आणि खाली लिहीन की ही साक्ष उकंडाजींची नाही, त्यांच्या मुलीला आणि सुनेला आठवली तेवढी आहे. खोटं छापणार नाही. जे आठवत नाही तिथं आठवत नाही असंच लिही, शोभेसाठी भर घालू नको. आजी काय म्हणाली ते तुला माहीत असेल तर सगळ्यात आधी तेच लिही.

रागावणार म्हणालीस, ते वेगळ्या कागदावर रागाव. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. परतीच्या टपालानं पाठव.

तुझी वहिनी
इंदूबाई